सरांचं ‘हम्म’

सरांच्या पाठीवरचा तीळ वाढलाय हे त्यांच्या विभागात कुणालाच माहीत नव्हतं. घरात बायकोला माहीत होतं, कारण नवऱ्याची पाठ बायकोशिवाय बघणार कोण. ती शाळेत भूगोल शिकवायची. आंघोळ करून उघड्या अंगानेच बाहेर आलेल्या सरांना तिने खिडकीशी थांबवलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि डाव्या खांद्याच्या खाली बोट टेकवलं.

“मागच्या वर्षी हे बेट होतं,” ती म्हणाली. “आता खंड झालाय. किनारा बघा कसा दातेरी झालाय. आणि इकडे निळं, तिकडे काळं. एवढे रंग मी नकाशातसुद्धा भरत नाही.”

“माझीच पाठ. मी कशी बघणार?”

“मग दुसऱ्याला दाखवा.”

“बघू.”

“बघता येत नाही असं आत्ताच म्हणालात.”

सरांनी शर्ट घातला आणि ते कामावर गेले. काम काय, तर कातडीचा कॅन्सर. खोलीच्या दारावर तसं लिहिलेलं होतं, खाली त्यांच्या पदव्यांची लांबलचक शेपूट. पण सर रोगी बघणाऱ्यांतले नव्हते. ते संशोधक. रोगी त्यांना भेटायचा तो नखाएवढ्या तुकड्याच्या रूपात, मेणात बसवलेला, अंगावर नंबर असलेला. असा रोगी कण्हत नाही, मधेच प्रश्न विचारत नाही, मेला तरी कपाटातून हलत नाही. सरांना असे रोगी फार आवडायचे.

त्यांचं नाव झालं होतं ते बटणामुळे. लोक त्यांना पाठीमागे बटणवाले सर म्हणायचे, आणि ते समोर ऐकू आलं तरी त्यांना राग यायचा नाही. भाषणात ते सांगायचे, आणि छान सांगायचे, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. आपल्या कातडीतली एकेक पेशी म्हणजे एकेक कचेरी. बाहेरून निरोप येतो, जखम झालीय, वाढा. दारावरचा शिपाई तो कारकुनाला सांगतो, कारकून हेडक्लार्कला, हेडक्लार्क त्याच्या वरच्याला, आणि असा हातोहात तो निरोप सगळ्यात आतल्या खोलीत पोचतो. तिथे जनुकांचे गठ्ठे बांधून ठेवलेत. निरोप येईल तसा एखादा गठ्ठा सोडायचा, एखादा बांधलेलाच ठेवायचा. जो सुटला त्याप्रमाणे पेशी वागणार. जखम भरली की निरोप थांबतो, गठ्ठे पुन्हा बांधून ठेवले जातात. पण मधल्याच एका कारकुनाचं बटण अडकलं तर? दारात कुणी नाही, जखम नाही, काही नाही, आणि हा आपला अखंड ओरडतोय, वाढा, वरून हुकूम आहे. आतल्या खोलीत कुणी विचारत नाही, वरून म्हणजे कुठून. ‘वाढा’चे गठ्ठे भराभर सुटतात, ‘थांबा’चा गठ्ठा तळाशी दबून जातो, आणि ‘आता तू मर, तुझं काम संपलं’ असं सांगणारा गठ्ठा तर कुणी हातातच घेत नाही. झाला कॅन्सर.

इथे टाळ्या पडायच्या. ऐकणारे सगळे कुठल्या ना कुठल्या कचेरीतच काम करायचे, त्यामुळे त्यांना लगेच पटायचं.

त्यात या बटणावर गोळी निघालेली होती. अडकलेला कारकून गोळीने गप्प बसतो आणि रोग हटतो. मात्र बटण खरंच अडकलंय का, हे आधी तपासावं लागतं. इतर लोकांना हे बटण निम्म्याशिम्म्या नमुन्यांत अडकलेलं सापडायचं. सरांच्या विभागात जवळजवळ सगळ्यांत सापडायचं. यामुळेच तर सर मोठे झाले. आसपासचे दवाखाने आपले नमुने त्यांच्याकडेच पाठवू लागले, कारण तिथून कधी वाईट बातमी यायची नाही. बटण आहे, गोळी द्या. रोगी खूश, डॉक्टर खूश.

आता सरांनी जन्मात कुणाला खोटा निकाल द्या म्हणून सांगितलं नव्हतं. हे माप त्यांच्या पदरात टाकलंच पाहिजे. त्यांच्या हाताखाली एक विद्यार्थिनी होती, सगळ्यात जुनी, म्हणून तिला थोरली म्हणायचे. सुरुवातीला कधी तिचा एखादा निकाल ‘बटण ठीक आहे’ असा आला, तर ती कागद घेऊन सरांच्या टेबलाशी उभी राहायची. सर चष्मा काढायचे. खिडकीतून खाली लावलेल्या गाड्यांकडे बघायचे. आणि म्हणायचे, “हम्म.”

मग थोड्या वेळाने, जणू दुसऱ्याच विषयावर, “नमुना बरा होता ना गं?”

बस. एवढंच. थोरली खाली मान घालून परत जायची. नमुना खराब असावा असं तिला वाटू लागायचं. पुन्हा लावायची, आणि पुन्हा, आणि कधीतरी सरांची मान डोलायची. पुढे पुढे तिला सरांच्या टेबलापर्यंत जावंही लागेना. मशीनसमोर बसल्या बसल्याच तिच्या कानात ‘हम्म’ वाजायचं. सर परगावी असले तरी वाजायचं. मशीन चालवणारा होता त्यालाही ऐकू येऊ लागलं. नव्याने आलेल्या पोरी, ज्यांनी सरांना अजून धड बघितलंही नव्हतं, त्यासुद्धा दुसऱ्या आठवड्यात म्हणायच्या, “हा खराब दिसतोय, परत लावूया.” सर भाषणात दारात कुणी नसताना ओरडणाऱ्या कारकुनाबद्दल सांगायचे तेव्हा हीच मंडळी पहिल्या रांगेत बसून टिपणं काढायची. कुणाच्या डोक्यात उजेड पडला नाही. उजेड पडला की बसायची जागा जाते हे त्यांना ठाऊक होतं.

एकीच्या डोक्यात पडला होता. ती कागद घेऊन यायची आणि म्हणायची, “नाही म्हणजे नाही, सर. याचं बटण ठीक आहे. भानगड दुसरीकडे आहे.” सर हम्म म्हणाले तर विचारायची, “हम्म म्हणजे काय?” असं कुणी विचारतं का? तिला सगळे नकारघंटा म्हणू लागले. सरांनी तिच्याविरुद्ध एक शब्द काढला नाही. तिचा विषय निघाला की ते नुसते खिडकीतून खाली बघायचे. आधी तिची खुर्ची बोळात गेली, मग टेबल गेलं, मग ती गेली. मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात, शवागाराच्या शेजारी, तिने एक छोटी लॅब मांडली होती, असं पुढे कुणीतरी सांगितलं. “योग्य शेजार मिळाला,” सर म्हणाले होते, आणि सगळे पोट धरून हसले होते.

तर अशा सरांना तीळ झाला.

बायकोने बघू-बिघू काही ऐकलं नाही. सुट्टीच्या दिवशी तिने आपल्या धाकट्या भावाला चहाला बोलावलं. तो कातडीचाच डॉक्टर, पण मुरुमं, नायटे, खरूज, डोक्यातला कोंडा असल्या भानगडींचा. सर त्याला इतकी वर्षं मलमवाला म्हणत आले होते, तोंडावर, जेवायला बसले असताना. त्यामुळे त्याच्यासमोर शर्ट काढायचा म्हणजे सरांना जिवावर आलं.

“काही नाही रे, तुझ्या ताईला उगाच घोर,” ते म्हणाले.

“असू दे भाऊजी. एखादं मलम तरी लावून देतो.”

त्याने बघितलं. एक भिंग काढलं आणि पुन्हा बघितलं. हातातला कप त्याने खाली ठेवला, बशीच्या बाहेर.

“मलम नाही लागणार,” तो म्हणाला. “दवाखान्यात चला. आत्ताच.”

“आज सुट्टी आहे.”

“त्याला नाही ना सुट्टी.”

तीळ काढला. तपासायला गेला. आला तो निकाल वाईट, आणि रोग खोल गेलेला. पाठोपाठ काखेतली एक गाठ काढली, तीतही तेच. मेहुण्याने समोर बसून सगळं सांगितलं. त्याने आवाज चढवला नाही की पाडला नाही, आणि सरांना पहिल्यांदाच वाटलं की याला बोलता येतं.

“आता औषध लागेल,” मेहुणा म्हणाला. “बटण बघून घेऊ. अडकलेलं असेल तर गोळी, नसेल तर दुसरा मार्ग. तपासणी मी हॉस्पिटलच्या तळघरातल्या बाईंकडे पाठवतो, त्या चोख करतात.”

“तिच्याकडे?” सरांची पाठ टाके विसरून ताठ झाली. “माझं स्वतःचं एवढं खटलं असताना मी तिच्या दारात जाऊ? माझ्याकडेच पाठव. फक्त नाव घालू नकोस. नंबर घाल.”

“नाव का नको?”

उत्तर सोपं होतं. बटणवाल्या सरांना हाच रोग झाला म्हणजे आग विझवणाऱ्या बंबवाल्यांच्या साहेबाचं घर जळालं. लोक हळहळतात, पण आधी हसतात.

नमुना सरांच्याच विभागात आला, नंबर लावून, इतर नमुन्यांच्या गर्दीत. सर रोज येऊन आपल्या खुर्चीत बसायचे, टाक्यांना टेकू नये म्हणून जरा पुढे झुकून. थोरलीला वाटलं सर वाचनात गढलेत. मशीनवाल्याला वाटलं सरांना मूळव्याध झालीय. आणि मग एका दुपारी निकालांचा गठ्ठा आला, त्यात तो नंबर, आणि त्यापुढे, बटण अडकलेलं.

सर घरी जाताना शीळ घालत होते. कॅन्सर झालेला माणूस इतका खूश कुणी बघितला नसेल.

“आहे,” त्यांनी दारातूनच बायकोला सांगितलं. “बटण आहे. गोळी सुरू करायची.”

“देव पावला.” ती वह्या तपासत होती. तिने पेन खाली ठेवलं. “कुणी केली तपासणी?”

“माझ्याच मुलांनी.”

“तुमच्याच मुलांनी,” ती म्हणाली आणि तिने समोरची वही मिटली. “एक विचारू का? तुमच्याकडे कुणाला कधी ‘नाही’ असं येतं का हो?”

“क्वचित.”

“माझ्या वर्गात सगळ्यांची उत्तरं सारखी आली ना, की मी बाकं लांब लांब करते.”

“हे विज्ञान आहे. चाचणी परीक्षा नाही.”

“मग विचारायला काय जातंय? एकदा विचारून या. गोळी काय, उद्यापासून घेता येईल.”

सर जेवले नाहीत. झोपही लागली नसावी. दुसऱ्या दिवशी ते विभागात गेले आणि थेट मशीनपाशी जाऊन उभे राहिले. ते तिथे येण्याची पद्धत नव्हती. मशीनवाला इतका दचकला की उभा राहून त्याने मशीनलाच नमस्कार केला.

“तो नमुना,” सरांनी नंबर सांगितला, शक्य तितक्या सहज. “पहिल्याच फेरीत आलं ना?”

थोरलीने मशीनवाल्याकडे पाहिलं. मशीनवाल्याने टेबलाकडे पाहिलं.

“पहिल्या फेरीत नमुना जरा खराब होता, सर,” थोरली म्हणाली.

“खराब म्हणजे?”

“म्हणजे बटण ठीक दिसत होतं.”

“मग?”

“मग खराब धरला. पुन्हा लावला.”

“मग आलं?”

“पुन्हा पण खराबच होता.”

“किती वेळा लावलात?”

“आलं तोपर्यंत, सर,” मशीनवाला म्हणाला, आणि त्याच्या आवाजात अभिमान होता. “सोडला नाही. शेवटी रेषा जरा खाली घेतली. इथे बघा, ही रेषा. हिच्यावर गेलं की ‘हो’. खाली घेतली की जे आहे ते वर जातं.”

“रेषा खाली घेतली की काहीही वर जाईल,” सर म्हणाले.

“हो सर,” मशीनवाल्याने मान डोलावली. सरांना मुद्दा कळला याचं त्याला बरं वाटलं.

सर दोघांकडे वळले. “हे बघा. मला या नमुन्याचा खरा निकाल हवाय.”

“हाच खरा धरलाय, सर.”

“धरलेला नको. असलेला.”

असलेला निकाल कुणी कधी मागितला नव्हता, त्यामुळे तो कुठे ठेवतात तेही दोघांना आठवेना. मग थोरलीच्या चेहऱ्यावर हळूहळू समज पसरली. “सर, तुम्हाला ‘नाही’ हवंय का? सांगायचं ना. पहिली फेरी आहेच आपल्याकडे, तीच लावून टाकते.”

“मला ‘नाही’ नकोय.”

“मग ‘हो’ बरोबर आहे.”

“मला ‘हो’ही नकोय. मला काहीच नकोय.”

मशीनवाला थोरलीच्या कानाशी वाकला. पण मशीनच्या आवाजात बोलायची सवय असल्याने त्याचं कुजबुजणं सगळ्या खोलीला ऐकू गेलं. “चिडलेत. पण नक्की कोणतं हवंय ते कळेना.”

आणि सरांच्या तोंडून निसटलं, “तो नमुना माझा आहे.”

थोरलीचे डोळे भरून आले. ती मशीनकडे वळली. सरांना वाटलं, चला, आता तरी ही खरं करेल. माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे म्हटल्यावर कोण हरामखोर खोटं करेल? ते आपल्या खोलीत जाऊन बसले. स्वतः मशीनला हात लावावा असंही त्यांच्या मनात आलं. पण त्यांनी शेवटचा हात लावला तेव्हाच्या मशीनला फिरवायचं हँडल होतं.

दुपारी थोरली आली. नाक लाल, चेहरा उजळलेला.

“आता शंकाच नाही, सर,” ती म्हणाली. “अगदी ठसठशीत आलंय. सगळ्यांनी मिळून केलं. तुम्हाला गोळी मिळालीच पाहिजे.”

निकालाचा आलेख तिने पुढे धरला. रेषा पार तळाला नेऊन टेकवली होती. त्या रेषेवर सरांच्या खोलीतला टेबलफॅनसुद्धा अडकलेलं बटण म्हणून पास झाला असता. मुलीने हे प्रेमाने केलं होतं. हेच सर्वांत वाईट होतं. तिला फाडफाड बोलायलाही जागा नव्हती, कारण ती जे शिकली ते याच खोलीत शिकली, आणि शिकवणारा समोरच बसला होता, जरा पुढे झुकून.

सरांनी कपाटातून आपला मेणातला तुकडा काढून खिशात घातला आणि ते तिथून निघाले ते मेहुण्याच्या दवाखान्यात गेले. बाहेर मुरुमवाली पोरं मोबाइल बघत बसली होती. सर त्यांच्यामध्ये बसले आणि नंबर आल्यावर आत गेले. सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. लपवायला अंगात ताकद नव्हती.

मेहुणा बराच वेळ टेबलावरचं कापसाच्या बोळ्यांचं भांडं सरळ करत राहिला.

“भाऊजी,” तो म्हणाला, “तुमच्या निकालावर मी लोकांना गोळ्या दिल्यात.”

“हो.”

“बटण अडकलेलं नसताना ती गोळी दिली तर काय होतं? तुम्हीच लिहिलंय, पण मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.”

सरांना ते पाठ होतं. “उलटं होतं. एक कारकून दाबला की त्याच्या शेजारचा जोडीदार चेकाळतो. निरोप थांबायच्या ऐवजी दुप्पट जोरात जातो. रोग वाढतो.”

“काहींचा वाढला. मला वाटायचं रोगच जहाल.” मेहुण्याने खिडकीबाहेर बोट केलं. “ती पाटी बघितलीत? ज्याने रंगवून दिली तो रंगारी होता ना, पायाच्या तळव्याला काळा डाग घेऊन आला होता. तुमच्याकडूनच ‘हो’ आलं. मी पेढे खाल्ल्यासारखा खूश झालो.”

“कसा आहे तो?”

“पाटी आहे अजून,” मेहुणा म्हणाला.

सरांना वाटलं होतं की मलमवाला आता इतक्या वर्षांचं उट्टं काढेल, आणि त्याने काढलं असतं तर बरं झालं असतं. त्याने फक्त नवा कागद घेतला, तळघरातल्या बाईंच्या नावाने चार ओळी लिहिल्या, सरांनी आणलेला मेणातला तुकडा एका डबीत घातला आणि डबी सरांच्या हातात दिली. “स्वतः जा,” म्हणाला.

तळघरात उजेड कमी आणि औषधाचा वास जास्त. नकारघंटा जाड झाली होती, केस पांढरे झाले होते. तिने कागद वाचला, डबी उघडून बघितली.

“कुणाचा?”

“माझा.”

ती ‘अरेरे’ म्हणाली नाही की ‘बरी खोड मोडली’ असंही म्हणाली नाही. तिने डबीवर स्वतःचा नंबर घातला. “परवा या.”

“मी थांबलो असतो. म्हणजे इथे आत. बघायला.”

“तुम्ही आत उभे राहिलात की माझ्या मुली मशीनकडे बघायच्या आधी तुमच्याकडे बघतील,” ती म्हणाली. “त्यांचं सोडा, माझीच मला खात्री नाही. इतकी वर्षं झाली, अजून कधी कधी कानात वाजतं. परवा या.”

परवा सर गेले. ती दारातच भेटली.

“बटण ठीक आहे तुमचं,” ती म्हणाली. “भानगड त्याच्या आधीच्या टेबलावर आहे. ती गोळी घ्यायची नाही. घेतली असतीत तर पेटलं असतं. मेहुण्याला कळवलंय मी. आता सलाइनमधून द्यायचं औषध आहे, शरीराच्याच रोगाशी लढणाऱ्या सैनिकांना जागं करणारं. लागू पडेल किंवा नाही पडणार. पण उलटं तरी नाही व्हायचं.”

सर मान हलवत राहिले. जीव वाचेल की नाही ते कळलं नव्हतं, पण जे कळलं ते कुणाची मर्जी राखायला सांगितलेलं नव्हतं, आणि असं काही ऐकून त्यांना फार वर्षं झाली होती. ते म्हणाले, “बरं. येतो मग.”

“आणि बाकीचे?” तिने विचारलं.

“बाकीचे कोण?”

“ज्यांना तुम्ही ‘हो’ सांगितलंत ते. तुमचा एकट्याचाच आणलात?”

शिकलेल्या माणसाला नेहमी काहीतरी सुचतं. समिती, फेरविचार, टप्प्याटप्प्याने. पण ती दार अडवून उभी होती आणि तिने पुन्हा विचारलं नाही.

ते विभागात परत गेले आणि नमुन्यांचं कपाट उघडायला सांगितलं. मेणाचे तुकडे खोक्यात भरले जाऊ लागले. सगळा विभाग गोळा झाला. कुणीतरी चहा मागवला, कारण काहीतरी मोठं चाललंय एवढं कळत होतं.

“सर,” थोरलीने हळूच विचारलं, “यांत आता काय निघायला हवं?”

सर तिच्याकडे बघत राहिले. काय सांगावं? ‘नाही निघायला हवं’ म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळे ‘नाही’ निघाले असते, खऱ्या ‘हो’वाल्यांसकट. गप्प बसले तरी ती त्या गप्प बसण्यातून काहीतरी काढणारच होती. काढलंच. ती मागे वळून मशीनवाल्याला म्हणाली, “सरांना बहुतेक निम्मे निम्मे हवेत.”

खोकं सरांनीच उचललं. टाके ओढले गेले. पाचसहा जण धावले, “सर, आम्ही घेतो,” पण त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही.

तळघरात नकारघंटेने खोकं घेतलं. सर म्हणाले, “यांतले बरेचसे—”

“सांगू नका,” ती म्हणाली. “तेवढंच सांगू नका.” आणि तिने दार लावून घेतलं.

दाराबाहेर एक बाक होतं. सर त्यावर टेकले. शेजारी एक बाई बसली होती, टाचेला पट्टी, मांडीवर पिशवी.

“तुमचं पण इथेच का?” तिने विचारलं.

“हो. पाठीवर होतं.”

“माझं टाचेला. खरं म्हणजे माझं झालंय सगळं तपासून. त्या बटणवाल्या सरांकडे पाठवलं होतं ना, लगेच चांगला निकाल आला. आता ही बाई म्हणते पुन्हा करायचं. कुणीतरी डॉक्टर तिला बोललाय म्हणे काहीतरी. लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही हो.”

“गोळी सुरू केलीत का?”

“कालपासून. तिथले सर फार मोठे आहेत म्हणतात. त्यांच्याकडे सगळ्यांचं चांगलंच येतं.”

सरांनी चष्मा काढला. समोर खिडकी नव्हती, भिंत होती. त्यांनी चष्मा परत घातला.

“आतल्या बाईंना विचारल्याशिवाय आजची गोळी घेऊ नका,” ते म्हणाले.

“का? तुम्ही डॉक्टर आहात का?”

“नाही. तो बटणवाला मीच.”

बाई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने पिशवीत हात घालून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि ते छातीशी धरलं, सरांपासून लांब. उठली. लंगडत दारापाशी गेली आणि दार वाजवू लागली.